आईच्या दुधात उगाळून

रेवाचा पहिला दात पडला तेव्हा तो कुणी घ्यायचा यावरून आमच्या मजल्यावर भांडण झालं.

पद्मजाकाकींना, म्हणजे तिच्या आज्जीला, तो गोळ्यात घालून छपरावर फेकायचा होता. पूर्वी शेणाचा गोळा करत. आता सांगलीत अकराव्या मजल्यावर शेण कुठून आणणार? आणि छप्पर तरी कुठं उरलंय, वर सगळे सोलरचे पत्रे. काकींनी त्यावर तोड म्हणून कणीक मळून ठेवली होती. त्यांच्या सुनेला, त्रिशलाला, दात माझ्या यंत्रात घालायचा होता. आणि रेवाला तो परत तोंडात बसवून हवा होता.

"दातमावशी, तू चिकटव की," ती मला म्हणाली.

मी दातांची डॉक्टर नाही. मिरजेच्या एका प्रयोगशाळेत मी दात वाचते. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तरी इमारतीत कुणाची दाढ ठणकली की माझीच बेल वाजते. शेवटी दात माझ्याकडेच आला, हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीतून. काकी कणकेचा गोळा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी त्याची एक छोटी पोळी लाटून रेवाला तूप लावून दिली.

"खा बाई. तुझा दात सायन्सनं नेला."

हसलो सगळे. त्रिशला हसली नाही.

रेवा तेव्हा पहिलीत होती. सकाळी 'क' शिकायची, छान गिरवायची, आणि संध्याकाळी तोच 'क' पुढे धरला तर नवा पाहुणा आल्यासारखी बघत बसायची. शाळेतल्या पडद्याने दोनदा सूचना पाठवली होती. कान तपासले, डोळे तपासले, मेंदूचं चित्र काढलं, रक्त तपासलं. सगळं ठीक. काकी म्हणायच्या, "अगं वाढेल की हळूहळू. सन्मतीसुद्धा उशिरा बोलला. आता बघ, बायकोपुढं तोंड उघडत नाही तो भाग वेगळा." सन्मती म्हणजे त्रिशलाचा नवरा, काकींचा एकुलता एक. बिचारा यावरही काही बोलला नाही.

त्रिशलाचं मात्र डोकं एका गोष्टीवर अडकलं होतं. बाळगुटी.

रेवा झाली तेव्हा काकींनी तिला वर्षभर गुटी दिली होती. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा, सुंठ, अतिविष. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब घ्यायचे आणि त्यात एकेक मुळी उगाळायची. कुणाचे किती वेढे हे काकींच्या मनगटाला पाठ होतं. जायफळ एक वेढा, जास्त झालं तर पोर दिवसभर झोपतं. मुरडशेंग पोट दुखलं तर दोन. उगाळून झालं की आधी स्वतः बोटाला लावून चाखायच्या, मग चांदीच्या बोंडल्यातून नातीला. त्रिशला तेव्हाही कुरकुरली होती. पण बाळंतीण बाई, अंगात त्राण नाही, आणि आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात, नातं असो वा नसो. आत्यापुढं किती बोलणार?

आता ती बोलत होती.

*

दुधाचा दात हा फार चोख साक्षीदार असतो. बाळ पोटात चार महिन्यांचं असतं तेव्हाच त्याच्या हिरडीत दात बांधायला सुरुवात होते, रोज एक पातळ थर. त्या दिवशी बाळाच्या रक्तात जे असेल ते त्या थरात चिणलं जातं आणि दात पडेपर्यंत तिथंच राहतं. शिशासारखं विष रक्तातून काही महिन्यांत ओसरतं. सहा वर्षांच्या मुलीचं रक्त तपासलं तर ते निर्मळ दिसणार, आणि तोवर मेंदूचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलेलं असणार. दात मात्र ते धरून ठेवतो.

बाळ जन्मतं त्या दिवशीच्या थरात एक गडद रेघ उमटते. जन्माचा धक्का असतोच तेवढा. तिला आम्ही जन्मरेषा म्हणतो. रेघेच्या अलीकडचे थर पोटातले, पलीकडचे बाहेरच्या जगातले. आमचं यंत्र लेझरने केसाहून बारीक खड्डे पाडत या थरांवरून चालत जातं आणि उडालेली धूळ मोजतं. कुठल्या आठवड्यात शरीरात काय गेलं हे पडद्यावर रेषेसारखं उलगडतं. यंत्र आलं तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं, आता मुलांच्या आजारांची कारणं सापडतील. सापडतात की. कारण सापडणं आणि उपाय सापडणं यात किती अंतर आहे हे वर्तमानपत्रांना कोण सांगणार!

पूर्ण दात वाचायला यंत्र कित्येक दिवस अडकून पडतं, आणि आमच्याकडे रांग बेळगावपासून लातूरपर्यंत. म्हणून आम्ही बहुतेकांना छोटं वाचन देतो, दातातला एकच पट्टा.

"पूर्ण वाचू या," मी त्रिशलाला म्हणाले. "थोडं थांब."

"मला आधीचं काय करायचंय, नीलाताई? गुटी बारशानंतर सुरू झाली. तिथून पुढचं वाचा."

"पण—"

"मला थांबायचं नाही." तिचा आवाज चढला. त्रिशला तशी शीघ्रकोपी. लगेच चिडायची, लगेच रडायची, आणि मग ओशाळून शेवयाची खीर घेऊन माझ्या दारात यायची. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

काकींना कळलं तेव्हा त्या स्वतः सहाण घेऊन माझ्याकडे आल्या. सोबत गुटीच्या सगळ्या मुळ्या, पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या.

"हे पण तपास. सगळं तपास. मी काय चोरून दिलंय व्हय?"

मी तपासलं. सहाण स्वच्छ, मुळ्या स्वच्छ, बोंडलंसुद्धा स्वच्छ. काकींनी मान उंचावून सुनेकडे बघितलं.

"या मुळ्या आत्ताच्या," त्रिशला म्हणाली. "रेवाच्या वेळच्या संपल्या."

तेही खरं होतं.

*

छोट्या वाचनाचा निकाल मी त्यांच्या बैठकीच्या खोलीत सांगितला. असं घरी सांगायचं नसतं, पण शेजारी राहून त्यांना मिरजेला बोलावून घेणं मला जमलं नाही.

रेवाच्या दातात शिसं होतं, आणि चांगलं घसघशीत होतं. जन्मरेषेनंतर लगेच रेष वर चढली होती, महिनोन्‌महिने वर राहिली होती आणि पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला उतरून गेली होती.

"गुटी कधी बंद केली?" सन्मतीने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. आम्हा सगळ्यांना होतं. वाढदिवसाला काकींनी सहाण धुऊन वर ठेवली होती.

त्रिशला उठली. स्वयंपाकघरात गेली, ती सहाण घेऊन आली आणि काकींच्या पुढ्यात ठेवली. मला वाटलं होतं ती फोडेल. तिने फक्त ठेवली.

"घ्या. उगाळा."

"त्रिशला," सन्मती म्हणाला.

"तू गप. तू तेव्हाही गपच होतास. मी म्हणाले होते, नको. मी म्हणाले होते की नाही, आत्या? तुम्ही काय म्हणालात? झाडपाल्यानं कधी कुणाचं वाईट होत नाही. आता विचारा तिला 'क' कुठला. विचारा!"

 काकींनी सहाणेवरून हात फिरवला. "मी चाखून द्यायची गं," त्या म्हणाल्या. "आधी मी चाखायची."

"तुम्ही मोठ्या आहात. तुम्हाला काय होतंय!"

त्या वर्षी हळकुंडांना पिवळेपणा चढावा म्हणून शिशाचा रंग फासल्याच्या बातम्या होत्या, हेही त्रिशलाने शोधून काढलं होतं. सगळं जुळत होतं. मी सांगायचा प्रयत्न केला की काकींनी जाणूनबुजून काही केलेलं नाही. त्रिशला म्हणाली, जाणूनबुजून केलं असतं तर निदान राग तरी धरता आला असता. मग ती रडायला लागली आणि रेवा आतून पळत येऊन आज्जीच्या मांडीवर चढली. त्रिशलाने तिला उचलून घेतलं. रेवा किंचाळत राहिली, आज्जी, आज्जी. काकी हात मांडीवर ठेवून बसून होत्या. त्यांनी पोरीला ओढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकी कुरुंदवाडला भावाकडे निघून गेल्या. सहाण नेली नाही.

मला त्यांचा फार राग आला. चार भांडणं करायची, दोन दिवस जेवायचं नाही, पण घर सोडायचं? मग माझ्या लक्षात आलं की त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला होता. माझ्यावर ठेवला होता. नीला खोटं कशाला सांगेल?

*

श्रावणात मी कुरुंदवाडला गेले. काकी वाळल्या होत्या. भावाच्या सुनेचं तान्हं पाळण्यात रडत होतं आणि काकी समोर बसून होत्या, हात पदरात गुंडाळलेले. मीच उठून पाळण्याला झोका दिला.

"घ्या की त्याला," मी म्हणाले.

"नियम घेतलाय."

बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, साध्वी माताजींचा चातुर्मास चालू होता. त्यांच्यासमोर जाऊन काकींनी हात जोडून नियम घेतला होता: जन्मभर कुठल्या लेकराला हात लावायचा नाही, कुणाला काही खाऊ घालायचं नाही. लोक कांदा सोडतात, रात्रीचं पाणी सोडतात. काकींनी हे सोडलं. माताजींनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, हाताला दोष आहे.

"काकी, अहो, हळकुंडाला कुणी रंग लावला त्यात तुमचा काय दोष?"

"उगाळलं कुणी?" त्या म्हणाल्या. मग विचारलं, "रेवा कशी आहे?"

"बरी आहे. तुमची आठवण काढते."

"काढंना. विसरंल हळूहळू. तिला विसरायला सोपं." हे बोलल्या आणि त्यांनाच हुंदका आला. मीही रडले. पाळण्यातलं पोर तेवढं झोपून गेलं.

परत आले तर त्रिशला दारात उभी. तिला दिवस गेले होते. तिने ते ज्या चेहऱ्याने सांगितलं त्यात आनंद कमी आणि हट्ट जास्त होता. "या वेळी मी कुणालाच काही देऊ देणार नाही. पाणीसुद्धा मी मोजून देणार."

*

एक गोष्ट मला आतून टोचत होती. शिशाला जात असते. प्रत्येक खाणीतल्या शिशात हलके-जड अणू वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेले असतात, त्यांना समस्थानिकं म्हणतात. जाळा, दळा, रंगात घाला, पोटात घाला, ते प्रमाण बदलत नाही. रंग फासलेल्या हळदीतल्या शिशाची जात आमच्या संगणकात नोंदलेली होती. रेवाच्या दातातलं शिसं त्या जातीचं नव्हतं. मी स्वतःला समजावलं, वेगळा व्यापारी, वेगळा रंग.

दिवाळीत प्रयोगशाळेतले सगळे गावी गेले आणि यंत्र रिकामं पडलं. रेवाचा दात माझ्या खणात होता. मी तो लावला, जन्मरेषेच्या अलीकडून, पार सुरुवातीपासून.

शिसं तिथंही होतं. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या थरात थोडं, सातव्यात जास्त, नवव्यात आणखी. रेष चढत चढत जन्मरेषेपर्यंत येत होती आणि तिला ओलांडून तशीच पुढे जात होती. मी छोट्या वाचनात जो चढ बघितला होता तो मुळात चढ नव्हताच. आधीपासून चढलेल्या डोंगराचा तो माथा होता.

पोटातल्या बाळाला कोण गुटी देतं?

 गुटीतल्या मुळ्या तपासल्या, सहाण तपासली, बोंडलं तपासलं. ज्यात सगळं उगाळलं जातं ते दूध कुणी तपासलं नव्हतं. काकींना सुचलं नाही, त्रिशलाला सुचलं नाही, आणि मी, जिची सगळी हयात या धंद्यात गेली, मलाही सुचलं नाही. आपल्याकडे गुटीत काय काय असतं असं विचारलं तर वीस मुळ्यांची नावं येतील. दूध कुणी मोजत नाही. आणि वाढदिवसाला गुटीबरोबर अंगावरचं दूधही तोडलं होतं, हेही आम्ही सगळे विसरलो होतो.

*

त्रिशलाला मी काय सांगितलं ते थोडक्यात लिहिते, कारण ते पुन्हा सांगायला मला आवडत नाही.

शिसं शरीरात गेलं की हाडांत जाऊन बसतं. हाडाला ते कॅल्शियमसारखंच वाटतं. रक्तातून ते जातं, हाडांत वीस-तीस वर्षं गुपचूप राहतं. त्या माणसाला काही होत नाही, किंवा झालेलं कळत नाही. मग ती बाई गरोदर राहते. बाळाची हाडं बांधायला कॅल्शियम लागतं, ते आईची हाडं झिजवून काढलं जातं. कॅल्शियमबरोबर शिसंही सुटतं. नाळेतून थेट बाळाला. नंतर उरलंसुरलं दुधातून.

"म्हणजे माझ्यातनं?" ती म्हणाली.

"अजून नक्की नाही. तुझ्या नडगीचं हाड तपासू."

नडगीच्या हाडावर किरण सोडले की शिसं आपल्या ठराविक उजेडाने उत्तर देतं. त्रिशलाच्या हाडाने दिलं. रक्त घेतलं, त्यातही वाढत होतं, पोटातल्या महिन्यांबरोबर.

"काढा ते," ती म्हणाली. "औषध असेल ना काहीतरी. काढा."

"रक्तातलं काढता येतं थोडं. हाडातलं नाही. आणि आत्ता तू गरोदर आहेस, आत्ता ते औषधही देता येत नाही. भरपूर कॅल्शियम घे, हाडं कमी झिजतील. थोडा फरक पडेल."

"किती थोडा?"

मी खोटं बोलू शकले असते. नाही बोलले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता चिडेल, काहीतरी फेकेल. मग माझ्या मनात एक वाईट विचार आला, की हे चिडणं, हे क्षणात पेटणं, हे तरी हिचं स्वतःचं आहे का? की तेही लहानपणी कुणी चमच्याने भरवलंय? मी तो विचार बोलले नाही. पण तो गेलाही नाही.

*

शैलाताई, त्रिशलाची आई, सातव्या महिन्यात तासगावहून लेकीची ओटी भरायला आल्या. गोड बाई. आल्या आल्या त्यांनी माझ्याही हातावर बेदाणे ठेवले, घरच्या द्राक्षांचे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्रिशला लहानपणी आजारी असायची का?

"अगं बाई, काय सांगू! दमा होता हिला. श्वास लागला की पोर निळी पडायची. डॉक्टर म्हणाले, पंप द्या तोंडात. मी म्हटलं, एवढ्याशा जिवाला पंप? नाही दिला. एक वैद्य होते, देवमाणूस. पुड्या द्यायचे. सगळं झाडपाल्याचं. आपण मध खात नाही ना, म्हणून तुपातनं द्यायची मी. तीन वर्षाची असताना धरलं ते शाळेत चांगली मोठी होईतो, एक दिवस चुकवला नाही. गेला की दमा! एक साइड इफेक्ट नाही."

'साइड इफेक्ट नाही' हे शब्द कुणी उच्चारले की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी फिरलं नाही, नुसतं थंड पडलं. लहानपणीचा दमा वाढत्या वयात पुष्कळांचा आपोआप जातो.

"ती पुडी आता मिळते का कुठं?"

"वैद्य वारले. पण एक जपून ठेवलीय मी, आठवण म्हणून." त्यांनी पर्स उघडली. पारदर्शक पिशवीत कागदाची एक पुडी, घड्यांवर पिवळी पडलेली. "म्हटलं, नातवंडांना कधी लागली तर."

त्रिशला सोफ्यावर बसली होती. सातव्या महिन्याचं पोट, हातात हिरव्या बांगड्या. तिने आईकडे बघितलं, पुडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कळलं होतं.

पुडी मी निमित्त काढून मागून घेतली आणि मिरजेला तपासली. झाडपाला नावाला होता. बाकी शिशाचं भस्म. कुणी ते औषध समजून घातलं असेल, कुणी वजन भरायला, आता विचारायला वैद्यही नाहीत. जात रेवाच्या दाताशी जुळली. हाडांत इतर ठिकाणचंही थोडं मिसळलेलं असतं, म्हणून तंतोतंत नाही, पण संशयाला जागा उरणार नाही एवढी.

*

"आईला सांगायचं नाही," त्रिशला म्हणाली. आम्ही माझ्या घरी होतो. पलीकडे शैलाताई रेवाला गाणं शिकवत होत्या. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, न कंटाळता.

"तिनं रात्र रात्र मला मांडीवर घेऊन काढलीय, नीलाताई. तिला हे कळलं तर ती मरेल."

"काकींना कळलं तेव्हा त्या मेल्या नाहीत असं वाटतं तुला?"

बोलून गेले.  त्रिशलाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती ते पुसेना.

"आत्यांना मी एका दिवसात हाकललं," ती म्हणाली. "विचारसुद्धा केला नाही. आणि इथं माझं तोंडच उघडत नाही. मला कळतंय हो. कळूनही उघडत नाही."

मी तिला दोष देऊ शकले नाही. तिच्या जागी मी असते तर माझंही उघडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुरुंदवाडला गेलो. काकी अंगणात शेंगा निवडत होत्या. सुनेला बघून उठल्या, तिचं पोट बघितलं आणि हात आपोआप पुढे आले. मग आठवलं तसे मागे घेतले.

त्रिशला खाली बसली, त्यांच्या पायांपाशी, जमिनीवर. "आत्या, तुमची गुटी नव्हती. तुमच्या मुळ्यांत काही नव्हतं. माझ्या दुधात होतं. पोटात असतानाच रेवाला माझ्यातनं गेलं. चुकले मी. घरी चला."

आपल्या आईचं नाव तिने घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

काकी परत शेंगांपाशी बसल्या. मला वाटलं, आता सुटतील. त्यांच्या अंगावरचं ओझं आता खाली येईल आणि मी आले त्याचं काहीतरी सार्थक होईल.

"दुधाला नावं ठेवू नये," त्या म्हणाल्या. "आईचं दूध ते."

"आत्या, खरं सांगतेय मी."

"खरं असेल की. नीलानं तपासलंय म्हणजे खरंच असणार." त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली. "पण ते दूध सहाणेवर घ्यायची मीच ना? बोंडलं तोंडाला लावायची मीच ना? पोर तोंड फिरवायची कधी कधी. मी गाल दाबून पाजायची. तुझं तुला ठाऊक नव्हतं. माझं मला ठाऊक नव्हतं. त्यात चुकलं कुणाचं हे मला आता कळत नाही बाई."

"मग नियम सोडा. प्रायश्चित्त घ्या, माताजींना विचारा."

"देवासमोर घेतलेला आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "येईन. बाळ झालं की येईन. बघायला."

*

बाळ झालं. मुलगा. काकी आल्या.

त्रिशलाने दूध पाजायचं नव्हतं. रक्तातलं शिसं अजून फार वर होतं, डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. डब्याच्या दुधाची बाटली शैलाताई भरत होत्या आणि हळहळत होत्या. आईचं दूध असताना पोराला डबा! त्यांना कुणी कारण सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलंय एवढंच. "या डॉक्टरांना काय कळतंय," त्या मला म्हणाल्या, आणि मी मान हलवली.

त्रिशलाला पान्हा आवरत नव्हता. बाळ रडलं की ब्लाउज भिजायचा. ती मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची, नळ सोडून द्यायची, म्हणजे आवाज बाहेर येऊ नये. काकी उंबऱ्याशी बसायच्या, हात पदरात. बाळाकडे बघत राहायच्या. बाळ बाजेवर सरकत कडेला आलं की "अगं शैला, धर, धर" म्हणून ओरडायच्या, पण हात बाहेर काढायच्या नाहीत. सन्मती कामावरून येऊन आईशेजारी बसायचा. बोलायचा नाही, पण बसायचा.

सहाण माळ्यावर होती. ती कुणी काढली नाही.

मी बाळाला बघायला गेले तेव्हा ते जांभई देत होतं. गुलाबी, रिकाम्या हिरड्या. मला त्या हिरड्यांत काय दिसत होतं ते तिथं कुणाला सांगायची सोय नव्हती. आतले दात केव्हाच निम्मे बांधून झाले होते. जन्मरेषाही पडली होती. तिच्या पलीकडचं आम्ही जपत होतो, बाटली उकळून, पाणी गाळून. अलीकडचं लिहून झालं होतं.

रेवा माझ्या मांडीवर येऊन बसली. तिचे पुढचे दोन्ही नवे दात आले होते, मोठे, दातेरी.

"दातमावशी, बाळाचे दात कधी पडणार?"

"तुझ्याएवढा झाला की."

"मग ते तू घेणार?"

"हो. मीच घेणार."

तिने मान डोलावली. बाळाच्या मुठीत बोट घालून बघितलं. उंबऱ्यावरून आज्जी तिच्याकडे बघून हसली, तशी तीही हसली. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं,

"दातमावशी, बाळाचे दात कधी पडणार?"